सोंग आणि संसार

सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती बहुधा कर्जबाजारी गृहस्थाच्या तोंडीं असते, आणि तिच्यांतील सोंग या शब्दास थोडा हिणकस वास आहे. सोंग म्हणजे लटकें, आणि सोंगें काढणारा म्हणजे ज्याच्या बोलण्यावर फारसा भरवंसा ठेवूं नये असा मनुष्य, असें आपण सहज गृहीत धरतों. परंतु कांहीं माणसें अशींही होऊन गेलीं आहेत, कीं त्यांनीं जन्मभर प्रामाणिकपणें सोंगें आणलीं आणि त्या सोंगांच्या बळावर खरा पैसा व खरें अन्न घरांत आणलें. अशा एका बाईंची हकीकत आज वाचकांपुढें मांडावी असें आमच्या मनांत आहे. त्यांचें नांव श्रीमती कमलाबाई गोखले. २०२२ सालीं निवर्तलेले नटवर्य विक्रम गोखले यांच्या आजी, एवढीच ओळख चालू पिढीस असली तर असेल.

आम्ही वरुडास तीस-बत्तीस वर्षें मुलांस शिकवून निवृत्त झालों. मॅट्रिकपलीकडे आमची मजल गेली नाहीं. जें थोडें संस्कृत आलें तें वडिलांपुढें मांडी घालून बसल्यानें आलें. नाटकें पाहण्याचा नाद आम्हांस कधींच नव्हता. नाटकांविषयीं जुन्या ग्रंथांत काय लिहिलें आहे तें वाचण्याचा मात्र आहे. म्हणून आधीं ग्रंथांकडे वळूं.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत पात्रयोजनेचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीनें स्त्रीची व पुरुषानें पुरुषाची भूमिका आपापल्या वयास साजेल अशी करावी, ती अनुरूपा प्रकृति. बालकानें वृद्धाचें किंवा वृद्धानें बालकाचें सोंग घ्यावें, ती विरूपा. आणि पुरुषानें स्त्रीचें किंवा स्त्रीनें पुरुषाचें रूप घ्यावें, ती रूपानुसारिणी. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं मुनींनीं दोन्ही बाजूंचीं दारें सारखींच उघडीं ठेविलीं आहेत. पुरुषास लुगडें नेसण्याची मोकळीक आहे, तशीच स्त्रीस फेटा बांधण्याचीही आहे. एवढेंच नव्हे, तर नाट्यांतील कैशिकी वृत्ति, म्हणजे त्यांतील नाजूक व सुकुमार भाग, केवळ पुरुषांकडून साधावयाचा नाहीं, म्हणून ब्रह्मदेवानें त्यासाठीं अप्सरा निर्माण करून भरताच्या स्वाधीन केल्या, अशी कथा त्याच ग्रंथाच्या आरंभीं आहे. रंगभूमीवर स्त्री आली ती अशी पहिल्याच दिवशीं आली, आणि ब्रह्मदेवाच्या आज्ञेनें आली.

त्याच ग्रंथाच्या शेवटीं एक निराळी कथा आहे. भरताच्या पुत्रांस आपल्या विद्येचा ताठा चढला आणि त्यांनीं ऋषिमुनींच्या नकला करून लोकांस हसविलें. ऋषि संतापले व त्यांनीं या नटांस आणि त्यांच्या वंशास हीनत्वाचा शाप दिला. म्हणजे नटांवरील बहिष्काराचें मूळ कोठें, तर नकलेंत! ज्याची नकल होते त्यास ती सोसत नाहीं. ऋषींस जें सोसलें नाहीं तें शाळामास्तरांस कोठून सोसावें? एकदां मधल्या सुटींत आमचीच नकल करणारा एक विद्यार्थी आम्हीं खिडकीआडून पाहिला होता. खडूचा हात पाठीमागें धरून, मान किंचित् डावीकडे कलती ठेवून तो चालत होता, आणि पोरें पोट धरून हसत होतीं. आमची मान डावीकडे कलते हें त्या दिवसापर्यंत आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें. नकल करणारा आधीं आपल्याला नीट पाहतो, आपण स्वतःस पाहतों त्याहून अधिक नीट पाहतो. नकलेस मनुष्य भितो याचें कारण हेंच असावें.

पुढें धर्मशास्त्रानें नटांस श्राद्धाच्या पंक्तीबाहेर ठेविलें. त्यांस संस्कृतांत कुशीलव असा एक शब्द आहे, आणि त्याचा संबंध परंपरा रामाच्या दोन पुत्रांशीं, कुश व लव यांच्याशीं जोडते. पतीनें वनांत सोडलेल्या एकट्या मातेचीं तीं मुलें, तिनें वाढविलेलीं, आणि रामकथा गाऊन राजसभेंत उभीं राहिलेलीं. ज्या शब्दानें नटास पंक्तींतून उठविलें, त्याच शब्दांत सीतेचीं मुलें बसलेलीं आहेत हें आमच्या शास्त्र्यांच्या कसें लक्षांत आलें नाहीं कोण जाणे. तसे सर्वच विद्वान् नटांस दूर लोटणारे नव्हते. आपल्या विदर्भांतील पद्मपूरचा भवभूति हा वेदवेत्त्या श्रोत्रियांच्या कुळांतला. तरी मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत नटांशीं आपलें स्वाभाविक सख्य आहे असें सांगावयास त्यास कमीपणा वाटला नाहीं. त्याच नाटकांत मकरंद हा मालतीचा वेष घेऊन खुशाल लग्नास उभा राहतो. सोंगाची गोडी आमच्या वैदर्भांस अशी फार जुनी आहे.

आतां अलीकडे येऊं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानतात. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास शाकुंतल आणलें आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. या साऱ्या काळांत नामांकित मंडळ्यांतून शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी झाले ते पुरुष. भाऊराव कोल्हटकर झाले, पुढें नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, झाले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें राक्षसी महत्त्वाकांक्षा हें नाटक ललितकलादर्श मंडळीनें केलें, त्यांतील मृणालिनी गाजविली ती केशवराव भोसल्यांनीं. आमच्याकडील खेड्यांत होणाऱ्या खडी गंमतींतही नाचणारी बाई ही पुरुषच असे. केवळ स्त्रियांच्या कांहीं नाटकमंडळ्या निघाल्या होत्या व त्यांत स्त्रिया पुरुषांचींही कामें करीत. पण त्या कलावंतीण वर्गांतील म्हणून घरंदाज लोकांनीं त्यांस लेखलें नाहीं.

आणि पुरुषांच्या त्या स्त्रीभूमिकांचें कौतुक काय वर्णावें! बालगंधर्वांचें नेसणें, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा पाहून मोठमोठ्या घरच्या स्त्रिया तसें नेसूं व माळूं लागल्या. पुरुषानें स्त्रीची नकल करावी आणि मग स्त्रियांनीं त्या नकलेची नकल करावी, असा प्रकार जगांत फार ठिकाणीं झाला नसेल. बालगंधर्वांची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. तें गाणें व तो अभिनय दैवी होता असें ज्यांनीं पाहिलें ते सांगत. आमचें म्हणणें एवढेंच, कीं ज्या घरांनीं लुगडें नेसलेल्या पुरुषास डोक्यावर घेतलें, त्याच घरांनीं पोटासाठीं रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या आपल्या लेकीस दार लावून घेतलें.

ती लेक म्हणजे दुर्गाबाई कामत. ब्राह्मण कुळांतील बाई. त्यांचे पति आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत अध्यापक होते. संसार टिकला नाहीं; दुर्गाबाई वेगळ्या झाल्या, आणि पदरीं १९०० सालीं जन्मलेली कमला होती. त्या काळीं अशा एकट्या बाईस कोणती वाट मोकळी होती? लोकांघरीं स्वयंपाक करावा, भांडीं घासावीं, नाहीं तर भावाच्या दारीं आश्रित म्हणून पडून राहावें. दुर्गाबाईंनीं फिरत्या नाटकमंडळीची वाट धरली. समाजानें त्यांस वाळींत टाकलें. मुलगी आईच्या बरोबर गांवोगांव फिरली आणि चौथ्या वर्षींच रंगभूमीवर उभी राहिली. ज्या वयांत आपल्या घरचीं मुलें पाटीवर श्रीगणेशा गिरवितात, त्या वयांत या मुलीनें दिव्यांच्या उजेडांत न भितां बोलावयास शिकून घेतलें.

याच सुमारास धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाच्या खटपटींत होते. तेही शास्त्र्यांच्या घरांतले. वडील दाजीशास्त्री संस्कृत पंडित. दादासाहेबांचा राजा हरिश्चंद्र १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईस लागला. त्यांतील तारामतीसाठीं त्यांनीं पुष्कळ शोध केला. पण कुलीन स्त्रिया तर राहोतच, बाजारांत बसणाऱ्या स्त्रियाही या कामास तयार होईनात. शेवटीं एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस त्यांनीं तारामती केलें. पुढें १९१७ सालीं लंकादहनांत याच साळुंक्यांनीं राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! आणि १९१९ च्या कालियामर्दनांत दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी ही बाळकृष्ण झाली. मुलीनें मुलाचें सोंग घेतलें म्हणून तें चित्र पाहतांना कोणाची भक्ति उणी झाली नाहीं. प्रेक्षक हात जोडूनच बसले.

राजा हरिश्चंद्रानंतर दादासाहेबांनीं मोहिनी भस्मासुर हें चित्र घेतलें. त्यांत पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाली तेरा वर्षांची कमला. हिंदुस्थानांतील चित्रपटांत स्त्रीनें स्त्रीची भूमिका केली ती येथें प्रथम. ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल असा वर मिळालेला असुर प्रत्यक्ष शंकराच्या मागें लागला, तेव्हां विष्णूनें मोहिनीचें रूप घेतलें. ती नाचूं लागली, व असुर तिच्या प्रत्येक हावभावाची नकल करूं लागला. तिनें मस्तकावर हात ठेविला, त्यानेंही ठेविला, आणि तो भस्म झाला. विचार केला तर ही सगळी कथाच सोंगाची आहे. देव स्त्रीचें सोंग घेतो, असुर त्या सोंगाची नकल करतो. एक सोंग जगास तारतें आणि दुसरें स्वतःस जाळतें; भेद असतो तो घेणाऱ्याच्या बुद्धींत. पुरुषदेवानें घेतलेलें हें स्त्रीरूप दाखविण्यास प्रथमच एक खरी मुलगी उभी राहिली, आणि तिची आई तिच्या शेजारीं पार्वती होऊन उभी होती. समाजानें वाळींत टाकलेल्या त्या दोघी पडद्यावर जगज्जननी आणि विष्णुमाया झाल्या.

कमलाबाईंचा विवाह पंधराव्या वर्षाच्या सुमारास रघुनाथराव गोखले यांच्याशीं झाला. रघुनाथराव पूर्वीं किर्लोस्कर मंडळींत होते व स्त्रीभूमिका करीत. पुढें भावाच्या चित्ताकर्षक नाटकमंडळींत आले. कमलाबाईंनीं रंगभूमीवर नायिकांबरोबर पुरुषांच्याही भूमिका केल्या. म्हणजे या एकाच संसारांत पति स्त्रीचें सोंग आणणारा व पत्नी पुरुषाचें. भरतमुनींची रूपानुसारिणी प्रकृति दोन्ही अंगांनीं एका बिऱ्हाडांत नांदली.

आपणांपैकीं कित्येकांस अशी भूमिका म्हणजे मिशा लावून छाती पुढें काढणें एवढेंच वाटतें. तें तितकें सोपें नाहीं. बाईनें पुरुष दाखवावयाचा म्हणजे पाऊल कोठें पडतें, बसतांना गुडघे कसे राहतात, रागावल्यावर आवाज कोठून निघतो, कर्ता पुरुष घरांत शिरतांना कसा खाकरतो, हें सगळें आधीं मनांत टिपावें लागतें. आणि घरांतील स्त्री हें सर्व जन्मभर पाहतच असते, कारण पुरुषाचा पायरव ओळखणें हें तिच्या आयुष्याचें अर्धें शास्त्र आहे. मंगळागौरीस किंवा आमच्या वऱ्हाडांत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून भुलाबाईच्या दिवसांत पुरुष बाहेर गेले म्हणजे माजघरांत काय चालतें तें ज्यांनीं दाराआडून ऐकलें असेल, त्यांस सासू, सासरा, दीर, नणंद यांच्या नकला बायका किती हुबेहूब करतात हें सांगावयास नको. विद्या घरांत होतीच. कमलाबाईंनीं ती उजेडांत, पुरुषांपुढें, मोल घेऊन दाखविली, हाच काय तो फरक.

पंचविशीच्या आसपास कमलाबाईंस वैधव्य आलें. तिसरें मूल पोटांत होतें. हा प्रसंग कोणत्याही घरांत आला तर काय होतें तें आम्हीं सांगावयास नको. या बाईंनीं आपली विद्या हातीं घेतली आणि पुन्हां रंगभूमीवर उभ्या राहिल्या. पुढें मूकपट गेले, बोलपट आले. त्यांतही त्यांनीं कामें केलीं. सुमारें पसतीस चित्रपटांत त्यांच्या भूमिका आहेत. शेवटचा गहराई हा १९८० सालचा. १९१३ पासून मोजलें तर सदुसष्ट वर्षें होतात. तीन मुलगे वाढले. चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमीवरचे व चित्रपटांतले मान्य नट झाले. लालजी हे उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे शिष्य, नामांकित तबलजी. आणि सूर्यकांत यांनींही तबलाच हातीं धरला. एकट्या मातेनें वाढविलेल्या कुशलवांची गोष्ट आम्हीं वर सांगितली, ती उगीच सांगितली नाहीं.

हें केवळ आपल्याकडेंच घडलें असें कोणी समजूं नये. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत म्यूझिक हॉल नांवाचीं करमणुकीचीं नाट्यगृहें भरभराटीस आलीं. तेथें एक सलग नाटक नसे. गाणें, नाच, विनोद, नकला यांचा एकामागून एक मेळ असे. आपल्या तमाशांत गण, गवळण, बतावणी, लावणी व वग येतात तसा. १८९३ सालीं लंडनच्या ऑक्सफर्ड म्यूझिक हॉलमध्यें ग्लासगोची सोळा वर्षांची सिसी लॉफ्टस नांवाची मुलगी उभी राहिली आणि त्या काळच्या प्रसिद्ध नटनटींच्या नकला करून तिनें शहर जिंकलें. पुढें ती हेन्री अर्व्हिंगसारख्या थोर नटाबरोबर गंभीर नाटकांतही चमकली; १९४३ सालीं न्यूयॉर्कास वारली. दुसरी व्हेस्टा टिली. हीही कमलाबाईंप्रमाणें चौथ्या वर्षाच्या आंतच रंगभूमीवर आली, आणि पुरुषवेषांत गाणीं म्हणून तिनें असें नांव मिळविलें, कीं तरुण पुरुष कपड्यांच्या बाबतींत तिचें अनुकरण करूं लागले. बालगंधर्वांची गोष्ट येथें नेमकी उलटी फिरली. १९१२ सालीं राजापुढें खास खेळ झाला तेव्हां तिच्या विजारीकडे पाहवेना म्हणून राणी मेरीनें तोंड फिरविलें, असें सांगतात. म्हणजे तोंड फिरविण्याची रीत तिकडेही होतीच. पण पुढें तिच्या पतीस सरदारकी मिळाली आणि ती लेडी द फ्रीस म्हणून मानानें राहिली. तिकडची मोहिनी लेडी झाली. इकडच्या मोहिनीच्या आईवर मात्र आपल्यांनीं बहिष्कार घातला.

काळ मात्र एका जागीं थांबला नाहीं. ज्या तारामतीसाठीं १९१३ सालीं एक स्त्री मिळाली नाहीं, तीच तारामती १९३२ सालीं अयोध्येचा राजा या बोलपटांत दुर्गा खोटे यांनीं केली. त्या सुशिक्षित व सधन घरांतल्या. त्याही दोन लहान मुलांच्या माता असतांना विधवा झाल्या. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर मंडळीनें आंधळ्यांची शाळा केलें, त्यांत ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक या उभ्या राहिल्या, आणि मध्यम वर्गांतील स्त्रियांस रंगभूमीचें दार उघडलें असें इतिहासकार लिहितात. लिहोत बापडे. दार उघडलें खरें. पण त्याच्यावर पहिली थाप वीस वर्षें आधीं एका तेरा वर्षांच्या मुलीनें आणि तिच्या आईनें मारली होती.

कमलाबाई म्हाताऱ्या झाल्यावर श्रीमती रीना मोहन यांनीं त्यांच्यावर एक अनुबोधपट तयार केला, व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्वदीच्या घरांतली ती बाई जुन्या नाटकांतील भाषणें पाठ म्हणून दाखविते. शरीर थकलेलें आहे, पण भाषण सुरू झालें कीं आवाजास धार येते. पुढें कमलाबाई वारल्या. नातू विक्रम यांनीं बॅरिस्टर नाटकांत जें नांव केलें तें सर्वांस ठाऊक आहे. घराण्याची चौथी पिढी रंगभूमीवर होती, आणि आतां तिला कोणी वाळींत टाकीत नव्हतें. उलट घरोघर तिचें चित्र वर्तमानपत्रांतून कापून ठेवीत होते.

आतां ही सर्व कथा आम्हीं एकाएकीं कां सांगत बसलों, तें सांगणें प्राप्त आहे. आमच्या घरीं एक नात आहे. पदवीची परीक्षा झाली असून तिला पुढें नाट्याचें शिक्षण घ्यावयाचें आहे. लहानपणापासून ती नकला करते. बहार आला म्हणजे संत्र्याच्या बागेचा सौदा करावयास व्यापारी येतो, झाडाखालीं उभा राहून फळांकडे दुःखी चेहऱ्यानें पाहतो, मान हलवितो, आणि सगळी बाग वाया गेल्यासारखा सुस्कारा टाकून निम्मा भाव सांगतो. ती त्याची अशी नकल करते, कीं एकदां खुद्द आमचे पुतणे तिला बागेचा भाव वाढवून मागूं लागले. तिनें आपला बेत सांगितला तेव्हां घरांत दोन तट पडले. सर्वांत कडवा विरोध आमच्या थोरल्या वहिनींचा. त्या सत्तावीसाव्या वर्षीं विधवा झाल्या, दोन मुलें घेऊन याच घरांत राहिल्या, आणि आज त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाहीं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "घरांत चार माणसांना हसवलं तें पुष्कळ झालं. पोरीनं लोकांपुढं सोंगं काढायचीं, हें आपल्या घराला शोभायचं नाहीं."

आम्हीं वाद घातला नाहीं. आमच्या घरांत वहिनींशीं वाद घालण्याची रीत नाहीं. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर त्यांच्या खोलींत बसून, जी हकीकत वर दिली ती त्यांस सावकाश सांगितली. भरताचें त्यांनीं ऐकून घेतलें, फाळक्यांच्या वेळीं वाती वळीत राहिल्या. परंतु रघुनाथराव गेले तेथें त्यांचा हात थांबला.

"पोटांत पोर होतं?" त्यांनीं विचारलें.

"होय."

"आणि तिघंही वाढलीं?"

"वाढलीं. तिघांचंही नांव झालं."

वहिनी पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तिला सोंग येत होतं, भाऊजी. मला काय येत होतं? तुमच्या भावाच्या मागं या घरानं मला कांहीं कमी केलं नाहीं. खाल्ल्या घांसाचा हिशेब कोणी विचारला नाहीं. पण मीं तो रोज मनांत ठेवला."

पन्नास वर्षांत हें वाक्य त्या घरांत कोणाजवळ बोलल्या नव्हत्या. त्यावर आम्हीं काय बोलावें? एकत्र कुटुंब हें मोठें छत्र आहे, आम्ही त्याचे अभिमानी आहों. पण छत्राखालीं उभें राहणाऱ्यास आपलें म्हणून कांहीं एक हातांत असावें, ही गोष्ट छत्र धरणाऱ्यास बहुधा सुचत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नात अंगणांत आमचीच नकल करून धाकट्यांस हसवीत होती. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं सूप खालीं ठेविलें आणि तिला म्हणाल्या, "तुला अजून तुझ्या आजोबांचं चालणं साधलं नाहीं. ते उजवा पाय आधीं टाकतात, आणि पायरीशीं आले कीं थांबून खाकरतात. बघ." आणि पंचाहत्तरी उलटलेल्या आमच्या वहिनी उठल्या, पदर खोचला, आणि चार पावलें चालून दाखविलीं. अंगणांत हशा पिकला. माहेरीं असतांना भुलाबाईच्या दिवसांत सासऱ्याचें सोंग नेहमीं त्यांच्याकडेच असे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. नातीचा अर्ज त्याच आठवड्यांत गेला, व त्यासोबतची फी वहिनींनीं आपल्या डब्यांतून काढून दिली.

आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. आपल्या घरांतील मुलीच्या अंगीं चित्र, गाणें, सोंग, नकल असें कांहीं असलें, तर तें पाहुण्यांपुढें मिरविण्यापुरतें राखून ठेवूं नये. तें शास्त्रशुद्ध शिकूं द्यावें, आणि त्याचें मोल घेण्यांत हलकेपणा आहे असें तिला वाटूं देऊं नये. तिचें सौभाग्य अखंड राहो, तिला कधीं कोणापुढें हात पसरण्याची पाळी न येवो, हा आपला आशीर्वाद असतोच. परंतु आशीर्वादाच्या जोडीस एक विद्याही असावी. दिवस फिरले, तर मुलांच्या ताटांत वाढावयास तीच उपयोगीं पडते.